पुरात बुडालेली फियाट: नवी करायची की तशीच राखायची?

पत्र

सप्रेम नमस्कार.

आमचं घर चिपळूणला, बाजारपेठेच्या जवळ. आजोबा डॉक्टर होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. १९६७ साली त्यांनी फियाट ११०० डिलाईट घेतली आणि आयुष्यभर त्याच गाडीने खेड्यापाड्यांत व्हिजिटला गेले. त्यांच्यामागे बाबांनी ती चालू ठेवली. दसऱ्याला हार घालून एक फेरी ठरलेली. २२ जुलै २०२१ च्या पुरात गाडी टपापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही पाइपने ती धुतली, बॅटरी काढली, वर ताडपत्री बांधली. तेव्हापासून ती पडवीत तशीच उभी आहे. बाबाही आता नाहीत.

दादा पुण्याला असतो. त्याने एका गॅरेजवाल्याला दाखवलं. सगळा रंग उतरवून, नवा पत्रा, नवी सीटं आणि इंजिनही नवीन पद्धतीचं बसवून द्यायचे तो सहा लाख सांगतो. दादाला ती रॅलीत न्यायची आहे. मला हे पटत नाही. स्पीडोमीटरच्या काचेच्या आत गाळाची आडवी रेघ बसली आहे, तिच्या वर आकडे अजून वाचता येतात. ते पुसून टाकायला माझा हात होत नाही. गाडी आहे तशी ठेवावी, पुराची साक्ष म्हणून, असं मला वाटतं. ग्लोव्ह बॉक्समध्ये आबांची व्हिजिटची वही होती, तिचा आता नुसता ठोकळा झाला आहे. आईचं म्हणणं, भांडत बसण्यापेक्षा भंगारवाल्याला द्या आणि पडवी मोकळी करा. आम्ही काय करावं?

— एक नात, चिपळूण

उत्तर

नमस्कार.

आधी गाडीवरची ताडपत्री काढा. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण हे आजच करा. ताडपत्रीखाली हवा खेळत नाही. कोकणच्या पावसाळ्यात आत वाफ कोंडते आणि पत्रा महिनोन् महिने ओलसर राहतो. पुराच्या पाण्याने एका दिवसात केलं त्याहून जास्त नुकसान या ताडपत्रीने पुढच्या पावसाळ्यांत केलेलं असू शकतं. डोक्यावर पडवीचं छप्पर आहे, तेव्हा धुळीपुरती एखादी जुनी सुती चादर पुरे. दारं, डिकी, बॉनेट उन्हाळ्यात दिवसभर उघडी ठेवा. खालचे रबरी मॅट आणि गालिचे उचलून बाहेर काढा. त्यांच्याखाली गाळ असणारच, आणि तो अजून ओला असला तर मला नवल वाटणार नाही.

आता मूळ प्रश्न. दादा म्हणतात सगळी नवी करू, तुम्ही म्हणता हात लावायचा नाही. माझं मत स्पष्ट आहे: यंत्र जिवंत करा, सांगाडा दुरुस्त करा, आणि रंग, डॅशबोर्ड, आतलं कापड, दारांचे आतले भाग यांना जमेल तितका कमी हात लावा. दोघांचं थोडं थोडं ऐकून काढलेली ही तडजोड नाही. त्यामागचं कारण सांगायला मला जरा लांब, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जावं लागेल.

तिथे बोलिंग ग्रीन नावाचं शहर आहे. शेव्हरोलेची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स गाडी तिथल्याच कारखान्यात बनते आणि जवळच फक्त कॉर्व्हेटचं संग्रहालय आहे. हा सगळा मुलूख चुनखडीचा, जमिनीच्या पोटात गुहांचं जाळं. १२ फेब्रुवारी २०१४ ला पहाटे, संग्रहालय उघडायच्या आधी, स्कायडोम नावाच्या गोल दालनाची जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. त्या वेळी आत कोणी नव्हतं, त्यामुळे माणसांवर बेतलं नाही. गाड्यांवर मात्र काँक्रीटच्या लाद्या, दगड आणि लाल माती कोसळली होती.

शेव्हरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्स कंपनीने सुरुवातीला तुमच्या दादांसारखंच ठरवलं: आठही गाड्या पूर्ववत करू. मग एकेक गाडी क्रेनने वर येऊ लागली. ३ मार्चला पहिली आली ती ‘ब्लू डेव्हिल’ म्हणून ओळखली जाणारी २००९ ची निळी झेडआर१ कॉर्व्हेट. थोड्या खटपटीनंतर तिचं इंजिन सुरू झालं आणि ती स्वतःच्या चाकांवर चालत बाहेर पडली. सगळ्यात शेवटी, ९ एप्रिलला, निघाली ‘मॅलेट हॅमर’ नावाची कॉर्व्हेट. ती इतकी चेपली होती की पुढचा भाग कुठला आणि मागचा कुठला, हे शोधावं लागत होतं. तोवर लोक हा प्रकार पाहायला गर्दी करू लागले होते. ऑगस्टपर्यंत निर्णय फिरला. आठांपैकी तीनच गाड्या पूर्ववत करायच्या आणि पाच जशा निघाल्या तशाच मांडायच्या असं ठरलं. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी मार्क रॉइस यांची भूमिका अशी होती की काही गाड्यांमध्ये दुरुस्त करण्याजोगं फारसं काही उरलेलंच नाही, आणि अशा गाड्या आहेत तशाच लोकांना पाहू देण्यातही काही ऐतिहासिक मोल आहे.

मला यातलं सगळ्यात शिकण्याजोगं वाटतं ते तीन गाड्या कोणत्या निवडल्या हे. ‘ब्लू डेव्हिल’ला इजा कमी होती, ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तयार झाली. दुसरी १९६२ ची काळी कॉर्व्हेट. तिच्या मालकाने ती तरुणपणापासून जपली होती आणि मग संग्रहालयाला दिली होती. तिचं काम संग्रहालयाने स्वतःच्या आवारात केलं आणि दुर्घटनेला चार वर्षं झाली त्या दिवशी, १२ फेब्रुवारी २०१८ ला, ती लोकांसमोर आणली. तिसरी होती १९९२ ची पांढरी गाडी, कॉर्व्हेटच्या इतिहासातली दहा लाखावी.

या दहा लाखाव्या गाडीपाशी जरा थांबू या. ती बनत होती तेव्हा कारखान्यातल्या कामगारांनी तिच्या भागांवर आतून सह्या केल्या होत्या. गालिच्याखाली, पॅनेलच्या मागे, एरवी कुणाच्या नजरेला पडणार नाहीत अशा जागी. मिशिगनमधल्या वॉरन इथल्या जनरल मोटर्सच्या तंत्रकेंद्रात ती खोलली, तेव्हा एकेक भाग सुटत गेला तशी एकेक सही दिसत गेली. मोडलेला भाग फेकून नवा बसवणं या कंपनीला अवघड नव्हतं, गाडी तिच्याच बनावटीची होती. पण ज्या भागावर सही आहे तो होता होईतो वाचवायचा, सरळ करून, सांधून पुन्हा बसवायचा, असा कटाक्ष त्यांनी ठेवला. जिथे सही नव्हती तिथे नवा भाग लावायला कुणी कां कू केली नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये ती पांढरी गाडी पुन्हा उभी राहिली.

तुमच्या गाडीवरच्या सह्या कुठे आहेत ते शोधा. हे काम गॅरेजवाला करू शकणार नाही, तुम्हाला आणि दादांनाच बसून करावं लागेल. एक रविवार काढा, आईंनाही खुर्ची टाकून शेजारी बसवा, कारण तुम्हा दोघांच्या जन्माआधीची ही गाडी त्यांना ठाऊक आहे. आबांचं कोपर टेकून ड्रायव्हरच्या दाराचा हात झिजला असेल. स्टिअरिंगवर एका ठराविक जागी पकड गुळगुळीत झाली असेल. काचेवर डॉक्टरचा लाल क्रॉस असेल, डॅशबोर्डवर चिकटवलेल्या गणपतीची नुसती खूण उरली असेल, मागच्या सीटवर औषधाच्या बाटलीचा डाग असेल. मडगार्डला कधीतरी गडगा घासून पोचा आला असेल आणि तो कुठल्या गावच्या वाटेवर आला हे आईंना आठवत असेल. सगळं लिहून काढा, फोटो घ्या, जागेवर कागदाची चिठ्ठी लावा. या यादीतल्या वस्तूंना हात लावायचा नाही, एवढं दादांकडून आधी कबूल करून घ्या. बाकीच्या बाबतीत तुम्ही हट्ट सोडा.

कारण असं आहे, ताई, की फियाट ११०० ही अजून दुर्मीळ गाडी नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात हिचीच पुढची भावंडं, प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी, विसावं शतक संपत येईपर्यंत काढली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या म्हणजे ह्याच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. चकचकीत रंगवलेली फियाट कुणालाही पैसे टाकून आजही मिळेल, दादांनाही मिळेल. आबांची फियाट मात्र ही एकच. सहा लाखांत तिचा रंग, सीटं, पत्रा आणि इंजिन बदललं की उरतो फक्त गाडीचा नंबर, आणि तसली गाडी दादा बाजारातून याहून स्वस्तात आणू शकतात. त्यांना हे हिशेबाच्या भाषेत सांगा, पटेल.

आता तुमच्या बाजूचं. इथे मला थोडं कठोर बोलावं लागणार आहे.

बुडालेली गाडी आहे तशी मांडण्याचं जगातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे मॅजोरे तलावातली बुगाटी. १९२५ ची ही गाडी, तिचं आयात शुल्क भरलं गेलं नाही म्हणून, स्वित्झर्लंडमधल्या अस्कोनापाशी साखळीला बांधून तलावात बुडवली होती. साखळी गंजून तुटली आणि गाडी पन्नास मीटरहून खोल तळाला गेली. सत्तरेक वर्षांनी, २००९ मध्ये, पाणबुड्यांनी ती वर काढली. जी बाजू गाळात रुतली होती ती बरी राहिली होती, उघडी बाजू पाण्याने खाऊन टाकली होती. २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात ती २,६०,५०० युरोंना गेली. घेणारे पीटर मलिन यांच्याकडे अस्सल बुगाट्यांचा मोठा संग्रह होता, दुरुस्तीला लागणारे पैसे आणि माणसंही होती. तरी त्यांनी तिला हात लावला नाही. कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात ती तशीच, गंजाने जाळी झालेली, ठेवली.

मला तो निर्णय पटतो. पण त्या बुगाटीची जवळजवळ सगळी हयात तळ्यातच गेली होती. तुमची गाडी १९६७ पासून २०२१ पर्यंत, ५४ वर्षं, रस्त्यावर होती. रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या दारात उभी राहिली. त्यानंतर एक दिवस पाण्यात गेली. तिला कायमची पुरात सापडलेली गाडी करून ठेवणं म्हणजे त्या एका दिवसाला चोपन्न वर्षांच्या वर बसवणं. आणि ते टिकणारही नाही. मलिन यांच्या बुगाटीला कोरड्या हवेतलं दालन होतं. तुमच्याकडे पडवी आहे आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ओल आहे. नुसतं तसंच ठेवलं तर पाच-सात वर्षांत पुराची रेघ, तिच्याखालचा रंग आणि रंगाखालचा पत्रा, तिन्ही एकत्र गळून पडतील. हात न लावणं म्हणजे जतन नव्हे. जतनालाही काम करावं लागतं, काही वेळा दुरुस्तीपेक्षा जास्त.

पुराची साक्ष ठेवायचीच असेल तर तिच्यासाठी जागा दुसरीकडे आहे. घराच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं ती रेघ ऑइल पेंटने आखा आणि तारीख घाला. स्पीडोमीटरच्या बाबतीत मात्र तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. तो उघडूच नका. गाडी रस्त्यावर आणायची तर चालणारा स्पीडोमीटर लागेलच, तो कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात शोधा आणि लावा. आबांचा स्पीडोमीटर आख्खाच्या आख्खा काढून काचेच्या पेटीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्यात गाळाची रेघही आहे आणि आबा-बाबांनी चालवलेल्या मैलांचा आकडाही. नवीन स्पीडोमीटर लावताना जुन्याचा आकडा गाडीच्या कामाची एक वही करून तीत लिहून ठेवा, म्हणजे हिशेब तुटणार नाही.

शिवाय गाळाचा एक नमुना जागेवरच राखता येईल. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हातभर जागा निवडा, जिथे थर पातळ आणि खडखडीत कोरडा आहे. वस्तुसंग्रहालयांत भुसभुशीत थर पक्का करायला पॅरालॉइड बी-७२ नावाचं अ‍ॅक्रिलिक द्रावण वापरतात. ते जाणकाराकडून, आधी कोपऱ्यात चाचणी करून, लावून घ्या. बाकीचा गाळ मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढाच. तो ओल धरतो.

आता यंत्राकडे येऊ. किल्ली फिरवून बघू या, असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं आहे, पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतींना चिकटल्या असतील. जोर लावला तर त्या तुटतील आणि ब्लॉकवर ओरखडे पडतील. आधी चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सैल करणारं तेल सोडायचं आणि काही दिवस मुरू द्यायचं. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल काढून बघायचं. त्यात पाणी असेल तर ते दुधाळ दिसेल. मग मागचं एक चाक जॅकवर उचलून, टॉप गिअर टाकून, चाक हाताने हळूहळू मागेपुढे करायचं. इंजिन थोडं जरी हललं तरी अर्धी लढाई जिंकली. नाहीच हललं तर इंजिनचं हेड उतरवायचं, हातोडा मारायचा नाही. १०८९ सीसीचं हे साधं चार सिलिंडरचं इंजिन आहे. जुन्या टॅक्स्यांवर हात बसलेला मिस्त्री भेटला तर तो ते पुरेपूर ओळखतो. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून किंचित रुंद कोरून, ओव्हरसाईज पिस्टन टाकले की तोच ब्लॉक, त्याच नंबरसह, पुन्हा चालतो.

पेट्रोलची टाकी उतरवून आतला गंज आणि जुन्या पेट्रोलचा राळेसारखा साका काढायचा. ब्रेकच्या बाबतीत आठवणींना जागा नाही: व्हील सिलिंडरचे रबर, मास्टर सिलिंडर, ब्रेकचे पाइप, चारही चाकांचे लायनर सगळं नवीन. वायरिंगही नवीन. टायर तर नवेच.

सांगाड्याचं नीट समजून घ्या, कारण दादांच्या गॅरेजवाल्याची आणि तुमची खरी गाठ इथे पडेल. या फियाटला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. दारांखाली जे पोकळ पट्टे असतात, ज्यांना मिस्त्री सिल म्हणतात, त्यांच्यावर सगळा भार असतो. पुराचा गाळ नेमका त्यांच्यात शिरतो आणि आतून पत्रा खातो, बाहेरचा रंग शाबूत दिसत असताना. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणटण वाजलं तर बरं, बद्द वाजलं तर आत काही उरलेलं नाही. असा पत्रा आठवण म्हणून ठेवता येणार नाही, अपघातात तो माणसं वाचवणार नाही. सडलेला तेवढाच कापायचा, त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करायचा, आतून मेणमिश्रित तेल फवारायचं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारायचा नाही. जिथे वरवरचा गंज आहे तिथे टॅनिक अ‍ॅसिडचं द्रावण लावलं की गंज काळ्या, स्थिर थरात बदलतो. आपल्या हिरड्याच्या फळात असतं त्याच कुळातलं हे टॅनिन. मग त्यावर मेणाचा हात. जुना रंग फिका पडलेला असेल, टवके उडालेले असतील. सौम्य साबणाने पुसा, मेण लावा आणि सोडून द्या.

जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फीवा हिने तुरिन सनद नावाचं एक मार्गदर्शक पत्रक काढलं आहे. त्याचा गाभा याच दिशेने जातो: आधी जतन, गरजेपुरती दुरुस्ती, जे बदललं ते ओळखता येईल अशी हलकी खूण, आणि प्रत्येक कामाची नोंद. दादांना रॅलीची हौस आहे तर हेही सांगा की कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचसारख्या मोठ्या प्रदर्शनात, कधीच न रंगवलेल्या मूळ अवस्थेतल्या गाड्यांना वेगळा वर्ग असतो आणि जाणकार तिथे जास्त वेळ रेंगाळतात.

दादांच्या बेतातली एक गोष्ट मात्र ताबडतोब रद्द करा, आणि ती म्हणजे नवीन पद्धतीचं इंजिन. इथे कायदा आड येतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये, योगायोगाने तुमच्या पुराच्याच महिन्यात, व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तुमची गाडी वयाने केव्हाच पात्र झाली आहे. तिला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंतर नूतनीकरणाला ५,०००. पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केला असेल तर गाडी या व्याख्येतून बाहेर पडते. म्हणजे दुसरं इंजिन बसवून दादा स्वतःच रॅलीचा दरवाजा लावून घेतील. हेही लक्षात ठेवा की व्हीए नंबरच्या गाडीला रोजच्या वापराची परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. कुणाला तिने बाजारात जायचं असेल तर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. त्यासाठी आरसी बुक शोधा. तेही पुरात गेलं असेल तर आरटीओत दुय्यम प्रतीचा अर्ज सगळ्यात आधी करा, आणि इंजिन व चासी नंबरच्या पाट्या कुणालाही घासू देऊ नका.

गॅरेजवाल्याशी बोलताना काम टप्प्यांत द्या, एकदम सहा लाखांचं नको. पहिला टप्पा फक्त यंत्र आणि ब्रेक. दुसरा टप्पा खालचा पत्रा. दोन्ही झाल्यावर गाडी घरी आणा, एक पावसाळा जाऊ द्या आणि मग आतल्या सामानाचं ठरवा. काढलेला प्रत्येक भाग, सडलेला पत्राही, परत द्यायचा असं कागदावर लिहून घ्या. बहुतेक गॅरेजमध्ये जुने भाग संध्याकाळच्या भंगारात जातात, विचारायच्या आत. सीटांचं कापड बुरशीने गेलं असेल तर नवं शिवावं लागेल, पण जुन्याचा एक चांगला तुकडा आणि शिलाईचा नमुना जपा. आतला काथ्या किंवा कापूस मात्र खुशाल टाका, त्यात आबांचं काही नाही.

आबांच्या वहीचं वेगळं सांगते. ठोकळा झालेल्या वहीची पानं सुरीने सोडवायला जाऊ नका. पुन्हा ओली करू नका, उन्हात ठेवू नका. शाई कुठली, कागद कुठला यावर तिचं भवितव्य आहे, आणि ते काम कागदाच्या संवर्धकाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. चिपळुणातही लोटिस्मा, म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, हे वाचनालय २००५ च्या आणि २०२१ च्या, दोन्ही पुरांत सापडलं. भिजलेल्या कागदाचं काय करायचं याचा कटू अनुभव त्या माणसांना आहे, त्यांच्याशी बोलायला संकोच करू नका. पंधरा-वीस पानं जरी सुटली तरी त्यात कुणाच्या घरी, कोणत्या वाडीत आबा गेले ते निघेल. माझ्या मते या सगळ्या गाडीत सर्वांत मोलाची वस्तू ती आहे, आणि पैसे कमी पडत असतील तर पहिला खर्च तिच्यावर करा.

राहिल्या आई. त्यांची तक्रार खरी आहे, कारण पडवी त्यांची आहे आणि रोज त्या गाडीला वळसा घालून वावरावं त्यांना लागतं. भंगारवाल्याला देऊ नका, पण त्यांना तारीख द्या. येत्या पावसाळ्याच्या आधी गाडीची चारही चाकं मोकळी झाली पाहिजेत, ब्रेकचे ड्रम सुटले पाहिजेत, टायरमध्ये हवा टिकली पाहिजे. गाडी चालली नाही तरी चालेल, पण चार माणसांनी ढकलली तर हलली पाहिजे. वाशिष्ठी नदीला पूर पुन्हा येणार. तेव्हा गाडी कुठल्या चढावर न्यायची ती जागा आत्ताच ठरवा, तिथल्या माणसाला सांगून ठेवा, आणि दोराचा हुक पुढच्या बाजूला कायमचा लावून ठेवा. हे काम मिस्त्रीच्या दोन-तीन दिवसांचं आहे. पडवीतून गाडी बाहेर निघते हे दिसलं की आईंचा अर्धा राग जाईल, आणि दादांना पुण्याहून यायला निमित्त मिळेल.